रुपे कुठे गेलं?

माझ्या पाकिटात एक डेबिट कार्ड आहे. त्यावर दोन शब्द छापलेत: रुपे आणि प्लॅटिनम. पहिला शब्द २०१२ साली बाजारात आला. ‘रुपी’ आणि ‘पेमेंट’ जोडून तो बनवलाय. दुसरा शब्द स्पॅनिशमधल्या ‘प्लातिना’वरून आलाय. ‘प्लाता’ म्हणजे चांदी, आणि ‘प्लातिना’ म्हणजे चिमुकली चांदी. आता हेच कार्ड देवनागरीत, मराठी डोळ्यांनी वाचा. मराठीत रुपे म्हणजे चांदी. म्हणजे कार्डावर लिहिलंय ‘चांदी चिमुकली-चांदी’, आणि कार्ड आहे प्लास्टिकचं.

हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा चार मराठी लोकांपैकी तिघांनी विचारलं, “रुपे म्हणजे चांदी? कधीपासून?”

हा लेख त्या ‘कधीपासून’बद्दल आहे. पण त्याआधी मला एका गोष्टीचं परीक्षण करायचंय. ते पुस्तक नाही, सिनेमाही नाही. ती एक यादी आहे. तुम्ही ती नक्की पाहिली असेल. ‘अमुक शब्दाला जगातल्या पन्नास भाषांत काय म्हणतात’ असा तक्ता किंवा युरोप-आशियाचा रंगीत नकाशा फोनवर फिरत असतो. चांदीचा असा तक्ता माझ्याकडे दोनदा आलाय. एकदा नुसता आणि एकदा ‘बघा, सगळ्या भाषा आपल्यापासूनच निघाल्या’ या ओळीसकट. मला हे तक्ते आवडतात. मी ते झूम करून वाचते. म्हणूनच त्यांच्याशी भांडण आहे.

*

आधी तक्त्याची बाजू घेऊ. चांदी हा शब्द अशा तक्त्यासाठी फार चांगला आहे. पाणी, आई, दोन असे शब्द भाषा सहसा घरचेच ठेवतात. धातूचं तसं नसतं. तो कुठल्या तरी डोंगरातून निघतो, व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून येतो, राजाच्या टांकसाळीत जातो, आणि या वाटेवर त्याला नाव मिळतं. त्यामुळे नावावरून कधीकधी वाट कळते.

ढोबळमानाने चांदीला माणसांनी तीन तऱ्हांनी नावं दिलीत.

पहिली तऱ्हा रंगावरून. सुमेरियन भाषेत चांदी म्हणजे ‘पांढरा मौल्यवान धातू’. प्राचीन इजिप्तमध्ये तिला नुसतं ‘पांढरं’ म्हणत. तमिळ ‘वेळ्ळि’ आणि कन्नड ‘बेळ्ळि’ हे शब्द ‘पांढरं, उजळ’ या अर्थाच्या द्राविडी धातूवरून आलेत. तमिळमध्ये शुक्राच्या चांदणीलाही वेळ्ळि म्हणतात आणि शुक्रवार म्हणजे वेळ्ळिक्किळमै. लॅटिन ‘अर्गेन्तुम’, ग्रीक ‘अर्गिरोस’, अवेस्तातलं ‘अरझत’, आयरिश ‘अर्गद’ आणि संस्कृत ‘रजत’ हे सगळे एकाच जुन्या मुळाचे, आणि त्या मुळाचा अर्थही पांढरं, लखलखीत. संस्कृत ‘अर्जुन’ म्हणजेही पांढरा, आणि तोही याच कुळातला. म्हणजे अर्जुन आणि अर्जेंटिना हे लांबचे नातेवाईक.

दुसरी तऱ्हा म्हणजे उचललेला शब्द. इंग्रजी ‘सिल्व्हर’, गॉथिक ‘सिलुब्र’, रशियन ‘सेरेब्रो’, लिथुआनियन ‘सिदाब्रस’ हे एकमेकांसारखे आहेत, पण भाषांमधले नेहमीचे ध्वनिनियम लावले तर नीट जुळत नाहीत. शिवाय बास्क भाषेत ‘सिलार’ आहे, आणि बास्क तर इंडो-युरोपीय कुळातलीच नाही. स्पेनमध्ये बोतोरीता या गावी १९७० साली सापडलेल्या ब्राँझच्या पत्र्यावर, केल्टिबेरियन भाषेत, ‘सिलाबुर’ हा शब्द आहे. म्हणजे हा शब्द धातूबरोबर गावोगाव फिरला. मूळ मालक कोण, ते सांगता येत नाही.

तिसरी तऱ्हा घडणीवरून. स्पॅनिश ‘प्लाता’चा मूळ अर्थ सपाट पत्रा. संस्कृत ‘रूप्य’ही याच जातीचा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचंय.

*

आता तक्त्यातली पहिली खोट. तक्ता सगळे शब्द एका सपाट पानावर ठेवतो आणि काळ काढून टाकतो. मग शेजारी दिसलेले दोन सारखे शब्द म्हणजे आई आणि मूल, असं वाटायला लागतं. ‘रजतपासून अर्गेन्तुम झालं’ हे वाक्य असंच तयार होतं. पण ग्रीक ‘अर्गिरोस’चं शेपूट ‘रजत’च्या शेपटापेक्षा वेगळं आहे. रजतची नक्कल केली असती तर ते असं आलं नसतं. दोन्ही शब्द एका मुळावर वेगवेगळे वाढलेत. ते बहिणी आहेत, आई-मुलगी नाहीत. याच्या उलट ‘रुपया’ आणि ‘रूबल’. ऐकायला इतके सारखे की नातं असणारच असं वाटतं. पण रूबल रशियन ‘रुबित्य’वरून, म्हणजे तोडणं, छाटणं यावरून आलाय, कारण चांदीच्या कांबीचे तुकडे पाडत असत. रुपयाशी त्याचा संबंध नाही. रुपयाचे खरे नातेवाईक आहेत इंडोनेशियाचा रुपिया आणि मालदीवचा रुफिया.

काळ काढून टाकल्याने आणखी एक नुकसान होतं. शब्दाची इज्जत वर-खाली झालेली दिसत नाही. अठराव्या शतकात स्पॅनिश लोकांना आजच्या कोलंबियात नदीच्या वाळूत सोन्याबरोबर एक हट्टी पांढरा धातू सापडायचा. तो वितळत नसे आणि सोन्यात भेसळ करायला सोयीचा होता. म्हणून त्याला हिणवून ‘प्लातिना’ म्हटलं. आज त्याच नावाचं कार्ड सिल्व्हर कार्डाच्या वर असतं.

आपल्याकडेही हे झालंय. सोनं म्हणजे ‘सुवर्ण’, चांगल्या रंगाचं. मग चांदी? अमरकोशात चांदीच्या नावांमध्ये ‘दुर्वर्ण’ हा शब्द आहे. वाईट रंगाचं. तैत्तिरीय संहितेतली गोष्ट तर आणखी बोलकी आहे. असुरांशी लढायला जाताना देवांनी आपलं धन अग्नीकडे ठेवायला दिलं. अग्नीला लोभ सुटला आणि तो ते घेऊन पळाला. देव जिंकून आले आणि धन हिसकावून घ्यायला लागले, तेव्हा अग्नी रडला. त्याच्या आसवांची चांदी झाली. म्हणून यज्ञात दक्षिणा म्हणून चांदी देऊ नये, दिली तर वर्षाच्या आत घरात रडणं येतं. त्या गोष्टीत चांदीला स्वतंत्र नावसुद्धा नाही. तिला ‘रजत हिरण्य’ म्हटलंय, म्हणजे पांढरं सोनं.

गंमत म्हणजे वैदिक शब्दांच्या निघंटूत ‘चन्द्र’ हा शब्द सोन्याच्या नावांमध्ये येतो. ज्या मुळातून आज आपली ‘चांदी’ येते त्यानेच एकेकाळी सोनं ओळखलं जायचं. तक्त्यात ‘मराठी: चांदी’ एवढंच दिसतं.

*

दुसरी खोट मोठी आहे, आणि ती माझ्या धंद्यातलीही आहे. तक्ता प्रत्येक भाषेला एकच घर देतो.

काही वर्षांपूर्वी एका ॲपच्या मराठी आवृत्तीवर मी काम केलं. ॲपमधला प्रत्येक शब्द एका फाइलमध्ये असतो. डावीकडे खूण, उजवीकडे भाषांतर. इंग्रजीत ‘सिल्व्हर’ तीन ठिकाणी होता: सदस्यत्वाची पायरी, वस्तूचा रंग, आणि दागिन्याचा धातू. खूण एकच होती. मी उजवीकडे ‘चांदी’ लिहिलं आणि पुढे गेले. परिणाम असा झाला की मराठी वापरणाऱ्याला ‘चांदी सदस्य’ होता यायचं आणि ‘चांदी’ रंगाचं घड्याळ घेता यायचं. कुणी तक्रार केली नाही. मराठी ॲपमध्ये असंच असणार, असं लोकांनी धरून चाललं असावं. मला आजही त्याची लाज वाटते.

कारण मराठीत या एका धातूला निदान चार शब्द आहेत आणि प्रत्येकाचं घर ठरलेलं आहे. दुकानात चांदी. स्पर्धेत आणि समारंभात रौप्य: रौप्यपदक, रौप्यमहोत्सव. तिथे ‘चांदीमहोत्सव’ म्हणून बघा, हसू येतं. पुस्तकी, भारदस्त मजकुरात रजत. रंग असेल तर चंदेरी किंवा रुपेरी, आणि सिनेमा असेल तर फक्त रुपेरी: रुपेरी पडदा. हा वाक्प्रचार इंग्रजीवरून आला, आणि तिकडे तो अक्षरशः खरा होता. जुन्या पडद्यांना चकाकणाऱ्या धातूच्या रंगाचा लेप असायचा. पण भाषांतर करणाऱ्याने ‘चांदीचा पडदा’ केला नाही, ‘रुपेरी’ केला. त्याच्या कानाला नेमकं कळलं होतं.

या यादीत एक शब्द तुम्हाला जाणवेल, तो फक्त विशेषण म्हणून जिवंत आहे. रुपेरी आहे, पण रुपे नाही. सावली आहे, माणूस नाही.

*

आमच्या घरी एक चांदीची वाटी आहे. आजी तिला ‘रुप्याची वाटी’ म्हणायची. मी सहा-सात वर्षांची असताना ते ‘रुपयाची वाटी’ ऐकलं आणि खूप हसले. एक रुपयाला वाटी? मी तिला दुरुस्त केलं. “आजी, चांदीची म्हण.” तीही हसली. त्यानंतर माझ्यासमोर ती ‘चांदीची’च म्हणायला लागली. शब्द मरतात म्हणजे काय, ते मला फार नंतर कळलं. कुणी बंदी घालत नाही. घरातलं एखादं पोर हसतं, आणि मोठी माणसं त्याच्यासाठी शब्द बदलतात.

रुपे काही आडगावचा शब्द नव्हता. मोल्सवर्थच्या कोशात तो ‘रुपें’ असा, अनुस्वारासकट आहे. तुकोबांच्या एका प्रसिद्ध अभंगात सोन्याच्या जोडीला रुपेच येतं. वेदान्तात भ्रमाचं ठरलेलं उदाहरण म्हणजे शिंपल्यावर भासणारी चांदी. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात ते आहे, आणि आपल्या संतांनी तोच दाखला मराठीत आणला.

मग गेलं कुठे?

पहिला संशय शुद्धलेखनावर. १९६२च्या नियमांनी असे अनुस्वार गेले आणि ‘रुपें’चं ‘रुपे’ झालं. ते ‘रूप’च्या अनेकवचनासारखं दिसायला लागलं. पण हा संशय टिकत नाही. ‘सोनें’चाही अनुस्वार गेला, सोनं कुठे गेलं?

दुसरा संशय रुपयावर, आणि इथे शब्दाचा इतिहास पाहावा लागतो. ‘रूप’ म्हणजे आकार. पाणिनीचं एक सूत्रच आहे, ज्यात ‘रूप’पासून ‘रूप्य’ होतो तो दोन अर्थांनी: ठोकून छाप उमटवलेलं, आणि देखणं. अर्थशास्त्रात नाणी पारखणाऱ्या अधिकाऱ्याला ‘रूपदर्शक’ म्हटलंय. म्हणजे आधी छाप, मग छापाचं नाणं, मग नाणं ज्याचं असतं तो धातू. पुढे सोळाव्या शतकात शेरशाह सूरीने सुमारे साडेअकरा ग्रॅमचं चांदीचं नाणं पाडलं, त्याला नाव मिळालं रुपया. नाण्यावरून धातूला नाव पडलं होतं, आता धातूच्या नावावरून पुन्हा नाण्याला पडलं. मला वाटलं, दोघांना एकाच घरात राहता आलं नाही. नाण्याने ‘रुपया’ घेतल्यावर ‘रुप्याचा’ आणि ‘रुपयाचा’ यांत गोंधळ व्हायला लागला, आणि धातूला ‘चांदी’ हे दुसरं नाव शोधावं लागलं.

हे तपासता येतं का? येतं. खिशातली कुठलीही नोट काढा आणि मागच्या बाजूची पंधरा भाषांची पट्टी वाचा. मराठीत रुपये, संस्कृतात रूप्यकाणि, तमिळमध्ये रूबाय. पण बंगालीत लिहिलंय ‘टाका’, असमियात ‘टका’, ओडियात ‘टंका’. या तीन भाषांनी नाण्यासाठी ‘टंक’ हा वेगळा शब्द धरला. आणि चांदीला या तिन्ही भाषांत काय म्हणतात? बंगालीत रुपो, असमियात रूप, ओडियात रूपा. मुक्काम मोकळा होता, म्हणून शब्द राहिला. याउलट हिंदी, पंजाबी, नेपाळी आणि मराठी या सगळ्यांत नाणं ‘रुपया’च्या कुळातलं, आणि धातू चांदी. हे जुळलं तेव्हा मी रात्री दीड वाजता एकटीच खूश झाले होते.

मग मी कोकणी पाहिली. कोकणीत नाणं रुपया, आणि चांदी आजही रुपें. दोघं एकाच घरात मजेत राहतात. (सोन्याला कोकणीत भांगार म्हणतात. मुंबईच्या माणसाला ते ‘भंगार’ ऐकू येतं आणि तो हसतो. पुन्हा तेच हसणं.) गुजरातीतही चांदीच्या बरोबरीने ‘रूपुं’ आहे.

म्हणजे माझा सिद्धान्त एका टेस्टला नापास झाला. तो पूर्ण चूक नसावा, कारण पूर्वेकडच्या तीन भाषा सहज जुळून येत नाहीत. पण रुपयाने रुपे हाकललं असं म्हणता येत नाही. फार तर रुपयामुळे रुपे नाजूक झालं. नाजूक झालेल्या शब्दाला ढकलायला मग सराफ बाजाराची चांदी पुरते, हिंदी सिनेमा पुरतो, किंवा सहा वर्षांची नात पुरते. कोकणीत हे ढकलणं तेवढं झालं नाही, एवढंच मी जबाबदारीने म्हणू शकते.

*

पैशाची गोष्टही त्या तक्त्यात बसत नाही. फ्रेंचमध्ये ‘आर्जाँ’ म्हणजे चांदी आणि पैसाही. हिब्रू ‘केसेफ’, थाई ‘ङन्’, आयरिश ‘अर्गद’, अँडीजमधल्या केचुआ भाषेतलं ‘कोल्के’ या सगळ्यांचे हेच दोन अर्थ. चिनी भाषेत बँक म्हणजे ‘चांदीची पेढी’. टोकियोतला महागडा गिन्झा भाग म्हणजे ‘चांदीची टांकसाळ’, १६१२ साली ती तिथे आली म्हणून. आणि अर्जेंटिना या देशाचं नाव ज्या चांदीवरून पडलं ती बहुतेक तिथली नव्हतीच. ती वर डोंगरात पोतोसीला होती, आजच्या बोलिव्हियात. तिथे १५४५ पासून स्थानिक लोकांना वेठीला धरून ती खणली गेली. नाव नदीकाठच्या देशाला मिळालं, मरण खाणीतल्या लोकांना.

मराठीत मात्र धनाचं सर्वसाधारण नाव चांदीचं नाही. ते आहे ‘पैसा’, आणि पैसा हे तांब्याचं नाणं होतं. मला वाटतं, यात बहुतेकांच्या हाताला रोज काय लागत होतं त्याची नोंद आहे. रुपया कधीतरी, पैसा रोज.

आणि खुद्द रुपया? १८३५ साली कंपनीने सगळीकडे एकच रुपया केला, तेव्हा त्यात बाराला अकरा भाग चांदी होती. १८९३ मध्ये लोकांनी चांदी आणून नाणी पाडून घ्यायची सोय बंद झाली. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९४७ला रुपया निकेलचा झाला. म्हणजे ज्या साली देश स्वतंत्र झाला त्याच साली रुपयातलं रुपे संपलं. नंतर भाषेतलंही.

*

तर परीक्षणाचा निकाल. पन्नास भाषांचा तक्ता वाईट नाही, तो अपुरा आहे. त्याला आणखी एक रकाना हवा. चांदीच्या शेजारी नाण्याचा शब्द ठेवला तेव्हाच बंगालचा टाका दिसला, आणि तेव्हाच माझी चूक दाखवणारी कोकणीही दिसली. एका रकान्यातून फक्त अभिमान निघतो किंवा ‘अरे वा’ निघतं. दोन रकान्यांतून प्रश्न निघतो. आणि एका भाषेला एकापेक्षा जास्त घरं द्या. मराठीसमोर ‘चांदी, रुपे, रौप्य, रजत’ लिहिलं तर नकाशावरचं अक्षर लहान करावं लागेल, तेवढंच. आम्ही झूम करू.

मागच्या दिवाळीला वाटी घासत असताना मी आजीला विचारलं, “आजी, ही रुप्याची वाटी कुणाची गं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. “माझ्या आईची,” म्हणाली. “तू चांदी म्हणतेस ना?”

मी म्हटलं, दोन्ही म्हणते.